तीन ग्रॅमचा प्रश्न

प्रोटीन पावडरचे मुख्य प्रकार तीन: व्हे, केसीन आणि वनस्पतिजन्य. बदलापूर गावात चौथाही आढळतो, ‘सर देतील तो’. जिममधले सरच वजन करतात, सरच कमतरता सांगतात आणि डबाही सरांच्याच कपाटातून निघतो.

व्हे म्हणजे चीज करताना दुधातून निथळणारं पाणी. ते गाळून वाळवलं की कॉन्सन्ट्रेट. चांगल्या प्रतीत प्रथिनं ८० टक्क्यांपर्यंत. आणखी गाळलं की आयसोलेट, सुमारे ९० टक्के. एन्झाइमने तोडून ठेवलं की हायड्रोलायसेट. त्यात पचनाचं थोडं कामही कारखान्यानेच उरकलेलं असतं. किंमत याच क्रमाने चढते.

३० ग्रॅमच्या चमच्यामागे कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट यांतला फरक ३ ग्रॅम. या ३ ग्रॅमसाठी मुलगा आईशी आठवडाभर अबोला धरतो. आयसोलेट आल्यावर तो अंड्यातलं पिवळं काढून टाकतो. त्यात जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. चमचा काठोकाठ भरायचा की शीग लावून, हे सर सांगत नाहीत, त्यामुळे आणखी ३ ग्रॅम इकडचे तिकडे होतात. उरलेल्या गुठळ्या शेकरच्या तळाशी चिकटतात आणि बेसिनमध्ये जातात. झाकण सैल राहिलं तर बाकीचं गावातून स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात शेजारच्या काकांच्या पँटवर सांडतं. काकांना आयसोलेट लागतं, पण अंगी लागत नाही.

केसीन हळू पचतं, म्हणून ते रात्री घेण्यासाठी विकतात. दुधातली सुमारे ८० टक्के प्रथिनं तीच. पनीर खाल्लं तरी मिळतात, पण पनीरच्या पुडीवर दंडांचा फोटो नसतो.

वनस्पतिजन्य प्रकारात सोया आणि वाटाणा येतात. वालाची पावडर सरांच्या कपाटात नसते, म्हणून वाल प्रथिनांत धरत नाहीत. १०० ग्रॅम सुक्या वालात प्रथिनं २० ते २५ ग्रॅम, म्हणजे जवळपास एका चमच्याइतकी. ते भिजवायचे, मोड आणायचे, मग आजीने दुपारभर एकेक दाणा सोलायचा. आणि बिरडं ताटात पडलं की नातवाने म्हणायचं, “यात कार्ब्स असतात.” कार्ब्स! ज्या सरांनी हा शब्द शिकवला, त्यांनीच याच पोराला आधी सहा महिने मास गेनर पाजला. त्या डब्यात निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे मक्याच्या किंवा तशाच कुठल्या स्टार्चची पूड, वर चॉकलेटचा वास. ते कार्ब्स रोख पैसे मोजून घेतलेले असल्यामुळे चालतात.