थिबाचा दरबार

आमच्या कुत्र्याचं नाव थिबा. आंब्याच्या रिकाम्या खोक्यात सापडलेलं गावठी पिल्लू, पण पहिल्याच दिवशी अण्णांच्या झोपाळ्यावर अशा थाटात लोळलं की दुसरं नाव सुचेना. मूळचा थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा राजा. इंग्रजांनी त्याला 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्या वडिलांच्या, मिंडोन राजाच्या दरबारात इंग्रज वकिलानं बूट काढून बसायचं की नाही, यावरून 1875 च्या सुमारास दोन्ही सरकारांचं चांगलंच वाजलं होतं.

आमच्या दरबारात असा वाद नव्हता. पाहुण्यानं चप्पल काढली रे काढली की ती सरकारजमा. पुढे ती पोफळीच्या आळ्यात सापडे. एकच.

त्याआधी स्वागत असे. अंगणाचं बेडं कुरकुरलं की थिबा तीरासारखा सुटायचा आणि पुढचे दोन पाय थेट पाहुण्याच्या छातीवर. एकदा शेजारचे नाना पांढराशुभ्र सदरा घालून आले. आत आले तेव्हा सदऱ्यावर लाल मातीचे दोन पंजे, लक्ष्मीची पावलं उमटावीत तसे. "ह्याला शिस्त लावा, नाहीतर मी यायचं बंद करतो," नाना कडाडले. अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा तरळून गेली.

खरं तर थिबाचं वागणं आमच्या घराण्याला शोभणारं नव्हतंच. अण्णा पाहुणा आला म्हणून झोपाळ्यावरून उठत नाहीत. मुंबईचा भाचा वर्षानं दारात उभा राहिला तरी "कधी आलास?" आणि "परत कधी?" हे दोन प्रश्न एका दमात. मग पाच मिनिटं नुसती कड्यांची करकर. चहाचं विचारलंच तर "घेऊनच आला असशील" असं. अशा ओटीवर शेपटी, कंबर आणि कान एकदमच हलवणारा प्राणी म्हणजे घराण्याला बट्टाच.

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उडी मारली की ढकलू नका, ओरडू नका. त्याला तो खेळच वाटतो. गप्प पाठ फिरवा. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाऊ. उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळायचं नाही."

खाऊ कसला, यावर घरात दोन दिवस खल झाला. आंबापोळी त्यानं हुंगून सोडली. सुकटीला मात्र तो चारही पाय टेकून, वर शेपटीही टेकून बसला. अण्णांनी डोळे मिटून निवाडा दिला, "डबा अंगणातल्या खुंटीला. ओटीची पायरी चढता कामा नये." सुकट चढली नाही, वास चढला.

मग कवायत. ओटीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं. मुलगा बेडं उघडून आत येई, बाहेर जाई, पुन्हा येई, रोज वीसेक वेळा. बेडं कुरकुरलं की गोणपाट, गोणपाटावर बसलं की सुकट. घरच्यांपुरतं आठवड्यात जमलं. पाहुण्यांचं जमेना. पाठ फिरवा म्हणावं, तर भाचेसून "अगं बाई, कित्ती गोड!" करत स्वतःच त्याच्या अंगावर धावली. तिच्यापुढे चार दिवसांची मेहनत वाहून गेली.

गणपतीत आरतीला वाडीतली पंचवीस माणसं एकदम शिरली. मी थिबाला दोरीनं खांबाला बांधून मुठीत सुकट धरून, मनातल्या मनात गजाननाचा धावा करत उभा. झांजा सुरू झाल्या तेव्हा तो एकदाच उठला, माझ्याकडे पाहिलं, बसला. प्रसादाला हात पुढे करताना माझ्या लक्षात आलं, उजव्या हाताला सुकटीचा वास येतोय. मी डावा केला. भटजींनी अशा नजरेनं पाहिलं की त्यापेक्षा थिबानं उडी मारलेली परवडली असती.

परवा नाना आले. बेडं कुरकुरलं. थिबा उठला, गोणपाटावर जाऊन बसला आणि एक डोळा मिटून घेतला.

नाना पायरीशी थांबले. सदरा उगाचच झटकला. "बरं नाही का रे त्याला?"

"शिस्त लावली," मी म्हटलं.

"काय काम काढलंस?" अण्णा झोपाळ्यावरून.

नानांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उजव्या पायातली चप्पल काढली आणि अंगठ्यानं हळूच गोणपाटाकडे सरकवली.