यंत्रांच्या थापा

लॅपटॉपचं बटण दाबलं की पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह उमटतं आणि पुढच्या काही क्षणांत एक खोटं बोललं जातं. बोलणारा असतो आपला सत्यवचनी लिनक्स. आतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कंपनीनंच भरून दिलेली आज्ञावली, विचारतं, "कोण आहे? विंडोज का?" लिनक्स बिनदिक्कत सांगतो, "हो, विंडोजच." कुठल्या सालचं, असं खोदून विचारलं तरी बहुतेक सालांना त्याचा होकारच. उलट "लिनक्स का?" असं सरळ विचारलं, तर मात्र गडी स्वतःची ओळखच देत नाही.

यात लबाडी नाही, पोळलेल्या तोंडाचं शहाणपण आहे. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी फर्मवेअर तपासलेलं असतं ते विंडोजवर. "लिनक्स असेल तर असं वाग" अशी निराळी वाट कोणी लिहून ठेवली असलीच, तर त्या वाटेनं कोणी चालून पाहिलेलं नसतं. खरं नाव सांगून तिथल्या खड्ड्यात पडण्यापेक्षा विंडोजच्या नावानं हमरस्त्यानं जावं, असं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांनी ठरवलं आणि आपल्या अधिकृत दस्तऐवजात ते कारणांसकट नोंदवून ठेवलं. खोटं बोलण्याचं धोरण इतक्या प्रामाणिकपणे मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तसा लिनक्स जन्माला आला तेव्हा भलताच खरं बोलणारा होता. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या नव्या उद्योगाची वर्दी दिली, तीत हार्डवेअरबद्दल मोठमोठ्या बाता नव्हत्या. एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज बहुधा काहीच कधी चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे, असं त्यानं सांगून टाकलं होतं. आज कर्नेलच्या सोर्सपैकी निम्म्याहून जास्त मजकूर निरनिराळी उपकरणं चालवणाऱ्या ड्रायव्हरांचा आहे. लोकांकडे काय काय निघालं, याचा हा हिशेब.

काय काय निघतं ते स्वतःच बघायचं असेल, तर टर्मिनल उघडून इनपुट उपकरणांची यादी मागवा. आपली समजूत असते की दोन नावं येतील, कीबोर्ड आणि टचपॅड. प्रत्यक्षात पंगत बसलेली असते. पॉवर बटण येतं, कधी कधी दोनदा येतं. झाकणाचा स्विच येतो. व्हिडिओ बस नावाचे एक गृहस्थ कीबोर्ड म्हणून येतात, कारण उजेड कमी-जास्त करायच्या बटणांची बातमी काही लॅपटॉपांत त्यांच्या मार्फत पोचते. आणि पीसी स्पीकर! आयुष्यभर फक्त 'टूं' करणारा हा जीव इनपुटच्या यादीत काय करतो? तर टूं करण्याचं काम कर्नेलनं इनपुटच्याच खात्यात टाकलंय, आणि तिथून त्याची बदली कोणी केलेली नाही. बाहेरून जोडलेला माऊस बऱ्याचदा दोनदा हजेरी लावतो, एकदा माऊस म्हणून आणि एकदा कीबोर्ड म्हणून.

खुद्द कीबोर्डची ओळख तर वाचण्यासारखी असते: 'एटी ट्रान्स्लेटेड सेट टू कीबोर्ड'. यातलं एटी म्हणजे आयबीएमचा १९८४ सालचा पीसी एटी. लॅपटॉप गेल्या दिवाळीत घेतलेला, पातळ, चकचकीत. पण त्याचा कीबोर्ड अजून त्या जुन्या संगणकाच्याच बोलीत बोलतो. तरी या सगळ्या मंडळींत मला कीबोर्डच सज्जन वाटतो. तो फार दावे करत नाही. 'जे' लिहिलेली कळ दाबली की कर्नेल वरच्या मंडळींना नुसता ३६ हा आकडा देतं. त्या ३६ चा इंग्रजी 'जे' करायचा की मराठी 'र', हे ठरवणारे दुसरेच. इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली असेल तर र, आणि शिफ्ट धरून दाबलं तर 'वाऱ्यावर'मधला ऱ. कळीवर काय छापलंय याचा कीबोर्डला पत्ताच नसतो, त्यामुळे त्याला खोटं बोलायला वावच कमी.

थापांचा खरा बाजार टचपॅड, माऊस आणि झाकण यांचा. तो आवरण्याचं काम आज बहुतेक लिनक्स वितरणांत लिबइनपुट नावाची लायब्ररी करते. तिचा मोठा भार रेड हॅटमधल्या पीटर हटरर यांनी वाहिला आहे. गावाकडच्या काकांच्या शिकारकथेतून निम्मं वजा करून ऐकावं, तशी ती प्रत्येक उपकरणाचं ऐकते. झाकणाचंच घ्या. उघडं की मिटलेलं, एवढंच त्यानं सांगायचं. पण काही लॅपटॉपांचं झाकण सताड उघडं असतानाही 'मिटलंय' म्हणत राहतं. झाकण मिटलं म्हणजे टचपॅड बंद करायचा, हा नियम. मग मालक वैतागतो. अशा यंत्रांसाठी लिबइनपुटचा तोडगा असा: आतल्या कीबोर्डची कळ दाबली गेली, म्हणजे कोणीतरी टाईप करतंय, मिटलेल्या झाकणाआड बोटं जात नाहीत, तेव्हा झाकण उघडं आहे. हा निष्कर्ष काढून ती थांबत नाही, कर्नेलच्या नोंदीतही 'उघडं' असं लिहून टाकते.

जुन्या माऊसचं बटण एका दाबात दोनदा वाजतं. माणसाचं बोट इतक्या कमी वेळात वर जाऊन पुन्हा खाली येऊ शकत नाही, हे लायब्ररीला ठाऊक असतं, म्हणून ती दुसरा दाब गिळून टाकते. याहून वाईट खोड म्हणजे बटण दाबून धरलेलं असतानाच आतला संपर्क क्षणभर सुटतो आणि ओढत आणलेली फाईल भलत्याच फोल्डरात पडते. यावरचा उपाय आधी बंद ठेवलेला असतो, कारण तो चालू केला की प्रत्येक क्लिक किंचित रेंगाळते. बटण एकदा खोटं बोलताना सापडलं, की मग मात्र त्याचा 'सुटलो' हा शब्द लगेच मानला जात नाही.

या खोडींची रीतसर दप्तरंच आहेत, कंपनीवार आणि मॉडेलवार. त्यातही गंमत होते. अमुक मॉडेलला अमुक वागणूक द्यायची, तर मॉडेलनं आपलं नाव सांगायला हवं. काही स्वस्त यंत्रांत नावाच्या रकान्यात 'हे कंपनीने भरावे' अशी मूळ इंग्रजी सूचनाच राहून गेलेली असते. अशा निनावी पोराची खोड नोंदवायची कोणाच्या नावावर?

"लिनक्सवर टचपॅड धड चालत नाही" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो आणि दर वेळी मला त्या दप्तरवाल्यांची बाजू घ्यावीशी वाटते. उपकरण आणि प्रणाली एकाच घरची असली की थापा घरातल्या घरात मिटतात, बाहेर कळतही नाही. इथे दुसऱ्याच्या यंत्रांचा खोटेपणा अनोळखी माणसांनी निस्तरायचा, आणि वर बोल ऐकायचे तेही त्यांनीच. न्यायाला धरून सांगायचं तर एक उपकार विंडोजचाही आहे. विंडोज ८.१ च्या सुमारास, २०१३ पासून, टचपॅडांनी आपली माहिती एका ठराविक पद्धतीनं द्यावी असा आग्रह मायक्रोसॉफ्टनं धरला, आणि तेव्हापासून लिनक्सवरचे टचपॅडही बरेच सुधारले. तेव्हा सुरुवातीला दुसऱ्याचं नाव सांगितल्याबद्दल लिनक्सनं फार शरमायचं कारण नाही.

तुमच्या लॅपटॉपच्या टचपॅडला किंवा झाकणाला काही खोड असेल, तर चडफडत बसू नका, लिबइनपुटवाल्यांकडे तक्रार नोंदवा. 'लिबइनपुट रेकॉर्ड' ही आज्ञा चालवून खोड करून दाखवायची, निघालेली फाईल मॉडेलच्या नावासकट पाठवायची. तेच मॉडेल पुढे घेणाऱ्याचा त्रास वाचेल. या नोंदीत आपला पासवर्ड जाईल ही भीती मात्र नको: मुद्दाम वेगळं सांगितलं नाही, तर तुम्ही कुठलंही अक्षर दाबा, ती आज्ञा फाईलमध्ये 'ए'च लिहिते.