एक लॉट, चार वारस

बल्लारशाच्या लाकूड डेपोत आलेला माणूस व्यापारी की हौशी, हे चौकीदाराला फाटकातच कळतं. व्यापारी चपला ओढत येतो, थप्पीकडे लांबूनच एक नजर टाकतो आणि पुढे सरकतो. हौशी माणूस बूट, टोपी, टेप, भिंग आणि पाण्याची बाटली घेऊन येतो. पाणी प्यायला नसतं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर ते शिंपडून तो गुडघ्यांवर बसतो, उमटलेल्या रेषा बघतो आणि "वा!" म्हणतो. हा "वा" ऐकला, की पलीकडच्या थप्पीपाशी तंबाखू मळत उभा असलेला व्यापारी मनातल्या मनात त्या ओंडक्याचा भाव चढवून ठेवतो.

"घरच्या कामासाठी पाहून राहिले का, साहेब?" चौकीदार विचारतो.

साहेब म्हणजे आमच्या नागपूरच्या कॉलनीतले काका. निवृत्त इंजिनियर. घरचं काम असं त्यांच्याकडे काहीच नसतं, पण तसं कबूल करता येत नाही. "बघू, एक-दोन गोष्टी डोक्यात आहेत," असं मोघम सांगून ते पुढच्या ओंडक्यावर पाणी शिंपडतात.

कॉलनीतल्या लोकांना वाटतं की काकांना सुतारकीचं वेड आहे. माझं मत वेगळं आहे. रंधा काकांकडे आहे, पटाश्यांचा संच आहे, गुण्या तर तीन आकारांचे आहेत, आणि सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं असतं. पण काकांचं खरं सुख कागदात आहे. निवृत्तीनं त्यांची टेंडरं गेली, फायली गेल्या, 'अवलोकनार्थ सादर' गेलं. वखारीत जाऊन फळी घ्यावी, तर तिथला माणूस पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडतो आणि तोच कागद टोचणीला लावतो. त्यात कसला आनंद? वनखात्याच्या लिलावात मात्र नोंदणी असते, बयाणा असतो, अटी-शर्ती असतात, वर अठरा टक्के जीएसटी असतो. पैसे भरल्यावर माल मुदतीत उचलला नाही तर जागेचं भाडं लागतं. आणि शेवटी येतो वाहतूक पास! तो सोबत असल्याशिवाय सागवान डेपोबाहेर हलत नाही. काकांनी त्यांचे जुने पास लॅमिनेट करून ठेवले आहेत. ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. तेवढीच चकती कापून त्यांनी दिवाणखान्यात टांगली आहे. शेजारी लग्नाचा फोटो आहे, जरा लहान.

लाकडाची वंशावळ हा त्यांचा दुसरा हळवा विषय. साधं 'सागवान' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "आलापल्लीचं," ते दुरुस्त करतात. मग आलापल्लीतल्या वनवैभवाचा सहा हेक्टरांचा राखलेला तुकडा, तिथले जुनेजाणते साग, २०१४ मध्ये त्याला मिळालेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा, हे सगळं ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं, तेव्हापासून तर काकांचा आवाजच बदलला आहे. "त्याच डेपोतलं बरं का," असं ते पलंगाखालच्या फळ्यांकडे बोट दाखवून सांगतात.

"तिकडे दारं लागली, उघडली, दर्शनं झाली," काकू आतून म्हणतात. "आमच्या देवघराला अजून पडदाच आहे."

नागपूरच्या महाल भागात एखादा जुना वाडा उतरवायला काढला, की काका तिथेही हजर. तुळई दिसली की ती बर्मा टीकच असते, निदान तसं म्हणायला त्यांना आवडतं. एका हातानं तुळई थोपटत ते इतिहास सांगतात: बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ ची कंपनी. ओंडक्यांचा हिशेब कमी दाखवून राजाचा महसूल बुडवल्याचा ठपका तिच्यावर आला, मंडालेच्या दरबारानं मोठा दंड ठोकला, इंग्रजांना निमित्तच हवं होतं, आणि १८८५ मध्ये त्यांनी थिबा राजाला गादीवरून उचललं आणि पुढे आपल्या रत्नागिरीला आणून बसवलं. तो तिथेच १९१६ मध्ये वारला. "ओंडक्यांच्या मोजणीवरून राज्यं बुडाली आहेत," असं म्हणून काका टेप उघडतात आणि वाडा पाडणारा ठेकेदार घड्याळात बघतो.

मोजणी त्यांच्या आवडीची. ओंडका मोजायची पारंपरिक रीत अशी, की गोलाईच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीनं गुणायचं. भूमितीप्रमाणे येणाऱ्या घनफळापेक्षा हे सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी भरतं. काकांनी हे स्वतः पडताळून पाहिलं आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही. "म्हणजे एकवीस टक्के लाकूड फुकट!" व्यापाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे आणि ते बोली त्या हिशेबानंच लावतात, हे त्यांना कोण सांगणार? ते फुकटचं लाकूड पुढे आरागिरणीत भुसा आणि सालीकडच्या वाकड्या कडा होऊन पडतं.

अडचण एकच: लॉट व्यापाऱ्याच्या ट्रकाच्या मापाचे, काकांच्या बाल्कनीच्या मापाचे नव्हेत. म्हणून काकांनी आणखी तीन काका जमवले. एक बँकेतले, एक वकील, एक होमिओपॅथ. चौघांनी मिळून बोली लावायची, लाकूड वाटून घ्यायचं. बोली आता ऑनलाइन असते. काकांच्या जेवणाच्या टेबलावर (सनमायका, हप्त्यांवर घेतलेलं) चौघं लॅपटॉपसमोर बसले. ठरलं होतं, की अमुक आकड्याच्या वर जायचं नाही. शेवटची मिनिटं आली की कुठून तरी नवी बोली पडायची आणि वेळ वाढायची. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, पण काकांना खात्री होती, की तो तंबाखूवालाच. अमुक आकडा केव्हा मागे पडला ते कुणालाच कळलं नाही. होमिओपॅथ काकांनी शेवटचं बटण दाबलं, आणि लॉट मिळाला. पेढे आले. काकूंनी अटी वाचायला घेतल्या: माल जिथे आहे, जसा आहे, त्या स्थितीत, नंतर तक्रार चालणार नाही.

"मी पण ह्यांना याच अटीवर घेतलं," त्या म्हणाल्या.

ओंडके नागपूरच्या आरागिरणीत आले आणि वाटणी सुरू झाली. भावाभावांत शेताचा बांध एवढा चिघळत नाही. आरा फिरला, आतला सोनेरी गाभा उघडा पडला, आणि चौघांनाही नेमकी तीच एक फळी हवी झाली. वकिलांनी प्रथम मागणी कुणाची हा मुद्दा काढला. बँकेतल्या काकांनी सालीलगतचा पांढरट भाग, ज्याला भुंगा लागतो, तो निम्म्या भावानं धरावा असा तक्ता करून आणला. होमिओपॅथ काकांचं म्हणणं, की बटण कुणी दाबलं होतं? आपल्या काकांनी प्रत्येक फळीवर खडूनं क्रमांक घातले; वकिलांनी हरकत घेतल्यावर पुसून पुन्हा घातले. शेवटी गिरणीमालकाच्या नातवाकडून चिठ्ठ्या काढवल्या. गाभ्याची फळी बँकेत गेली. मग अदलाबदल, मग रुसवे. दोन वारस अजून एकमेकांशी वकिलांमार्फत बोलतात, आणि वकील हे त्या दोघांतलेच एक आहेत.

काकांच्या वाट्याच्या फळ्या पलंगाखाली वाळत आहेत, मधे पट्ट्या ठेवून, तारखा घालून. इंचाला एक वर्ष असा सुताराचा जुना हिशेब, आणि काकांनी फळ्या दोन इंची काढून घेतल्या आहेत. म्हणजे निदान दोन वर्षं कुणी "काय बनवलं?" असं विचारू शकत नाही.

राहता राहिला तो लॉटमधला वाकडा, पोकळी असलेला तुकडा. वाटणीत तो कुणीच घेईना. हमाली द्यायला सुटे पैसे नव्हते, म्हणून तो गिरणीतल्या मिस्त्रीला दिला. चौघं बँकेतल्या काकांच्या तक्त्यावर वाद घालत होते, तेवढ्या वेळात त्यानं त्याचं एक स्टूल करून टाकलं आणि आणून काकांसमोर ठेवलं.

काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. भिंग काढलं. "सांधा कुठला घातलाय? डव्हटेल?"

"खिळे मारले, साहेब," मिस्त्री म्हणाला. "बसा. तुमचं अजून लय वेळ चालून राहिलं."