निर्ण्यात घर बघायला जाताना

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा घर शोधत होता, तेव्हा दर रविवारी 'ओपन हाऊस' करत हिंडायचा. अंगणात पाटी, दुपारी एक ते चार, कुणीही यावं, ओळख ना पाळख, कपाटंसुद्धा उघडून बघावीत. काही एजंट म्हणे आधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून ठेवतात, वासानंच गिऱ्हाईक विरघळावं म्हणून.

माझं आजोळ निर्णा, बीदर जिल्ह्यातलं. तिथं पाटी लागत नाही. घर विकायचंय ही बातमी धाकट्या भावाच्या आधी चहाच्या हॉटेलात पोचलेली असते. बिस्किटांच्या जागी ताजा चुना असतो, आणि दार बाराही महिने उघडंच. तरी घर बघणं ही विद्या आहे. चार घरं बघून एकही न घेतलेल्या माणसाच्या अधिकारानं ती नवशिक्यांना सांगतो.

एकट्यानं जाऊ नये. बरोबर कानडी वाचणारा एक हवा, कारण पंचायतीचे कागद कानडीत असतात. उर्दू वाचणारा एक म्हातारा हवा, कारण हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा होता आणि ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा बैनामा अजून उर्दूतच आहे. त्यावरचं साल फसली असतं. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, नाहीतर घर शिवाजी महाराजांच्याही आधीचं वाटायला लागतं. 1956 साली राज्य बदललं, कागदांनी लिपी बदलली, घर होतं तिथंच राहिलं. तिसरी बरोबर हवी ती मावशी. तिचं काम पुढे सांगतो.

केव्हा जायचं? मालक म्हणेल, "दिवाळीनंतर या, निवांत बघा." दिवाळीनंतर प्रत्येक घर कोरडं असतं. तुम्ही मृगाची पहिली झड लागून गेली की दुसऱ्या दिवशी जा. ते जमलं नाही तर पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात दुसरं गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि मालकाचा भावही जरा जमिनीवर आलेला असतो.

आत गेल्यावर "बर्री, कूडरी" म्हणून बसवतील. बसा. चहाला नाही म्हणू नका, चहाच्या वेळात डोळ्यांना काम मिळतं. मालक दाखवेल ते बघायचं नाही, हा पहिला नियम. तो सागवानी चौकट दाखवेल, देवघरातल्या टाईल दाखवेल, शहाबादी फरशी दाखवून "खास शहाबादहून आणली" म्हणेल. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे, म्हणजे हे कोल्हापुरात कोल्हापुरी चप्पल दाखवण्यासारखं झालं. तुम्ही खिशातली गोटी हळूच फरशीवर सोडा. ती कुठल्या कोपऱ्यात जाऊन थांबते, तिकडं घर खचतंय.

मग भिंतीची खालची वीत बघा. चुन्याखालून पांढरी भुकटी फुगून आली असेल तर लोणा लागलाय, ओल पायातूनच चढते आहे. आणि भिंतीवरची कॅलेंडरं बघा. कॅलेंडर माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतं. गुडघ्याच्या उंचीवर लावलेलं दिसलं की उचला. मी एकदा उचललं. मागे भेग होती, हाताची कड सहज आत जाईल एवढी. मालक शांतपणे म्हणाले, "ती हवेला ठेवलीय."

आता मान वर करा. जुनं घर असेल तर वर माळवद असणार: तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती. घर किती मोठं हे इकडं अजून खणांत सांगतात, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पंचायत चौरस मीटरमध्ये मोजते. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर एखादा खण शेजाऱ्याचा आहे, असं धरून चाला. तुळईवर काठीनं ठोका, भुसा गळला तर कीड लागलीय. आणि माती किती जाड आहे हे शिडी लावून स्वतः बघा. इथं थट्टा पुरे. दर उन्हाळ्यात पाणी गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना कुणी काढायचा नाही. असं करत दोन पिढ्यांत हातभर ओझं चढतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि हे वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेले. बीदरकडेही घरं हलली. त्यानंतर आजोळी मामांनी माळवद उतरवून पत्रे घातले. उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघतो, पण कुणी तक्रार करत नाही.

तुम्ही घर बघत असता तेव्हा गाव तुम्हाला बघत असतं. ओसरीवर पाच-सहा माणसं जमतात. आडनाव विचारतील, मग मूळ गाव, मग कुलदैवत. तिसऱ्या उत्तरापर्यंत त्यांना हवं ते कळलेलं असतं आणि काही घरं त्याच क्षणी "विकायची नाहीत हो, असंच म्हणत होतो" अशी होतात. चार भाषांच्या या गावात एवढी एकच परीक्षा सगळ्यांना सारखी समजते. मला ती कधीच आवडली नाही, आणि ती होत नाही असं सांगून नवशिक्यांना फसवणारही नाही.

कागद बघायचे ते असे. पंचायतीचा ई-स्वत्तू नमुना 9 आणि 11-अ. मागच्या व्यवहारांची ईसी, म्हणजे घरावर कुठल्या बँकेचा बोजा आहे का ते कळतं. "शंभराच्या बाँडवर लिहून देतो, सगळं गाव असंच करतं," असं कुणी म्हणालं तर चहा संपवा आणि उठा. नोंदणी केलेल्या खरेदीखताशिवाय घर तुमचं होत नाही, गाव काहीही करो. विजेचं बिल पणजोबांच्या नावावर निघालं तर घाबरू नका, इकडं मेलेली माणसं बरीच वर्षं दिवे लावतात.

आता मावशी. मालक म्हणतो, "आम्ही दोघंच भाऊ, काही कटकट नाही." तुम्ही भिंतीवरचे लग्नाचे फोटो मोजा. दोन भाऊ आणि पाच लग्नं, हा हिशेब लागत नाही. पुरुषांनी विचारलं तर कुणी सांगणार नाही. मावशीनं आत चुलीपाशी जायचं, आजींच्या शेजारी टेकायचं आणि एवढंच विचारायचं, "लेकी कुठं कुठं दिल्यात हो?" आजी हरखून सांगतात. थोरली उदगीरला, मधली सोलापूरला, धाकटी जहीराबादला. झालं, तीन सह्या राहिल्यात. वडिलोपार्जित घरात हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. "त्या काही मागत नाहीत" हे भाऊ सांगतात. ते बहिणींच्या तोंडून ऐकावं.

आम्ही ऐकायला जहीराबादला गेलो. धाकटीनं पोहे केले, घराची विचारपूस केली, अंगणातला कडुनिंब आहे का विचारलं. मग म्हणाली, "सही करते. पण एक खण माझ्या नावावर ठेवा. माहेरी गेले की कुणाच्या ओसरीवर बसू?" भावांना ते पटलं नाही. मला पटलं, पण चार खणांचं घर घेऊन करायचं काय होतं मलाही कळेना.

ते घर अजून विकायचंच आहे. बघायला जायचं असेल तर मृगात जा. किल्ली शेजारच्या घरी असते, आणि कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर आहे.