मार्चअखेरचा संगणक

सरकारी कार्यालयासाठी डेस्कटॉप संगणकाची निवड फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि 31 मार्चला संपते. त्याआधी वर्षभर गरज असते, पण निधी वितरित झालेला नसतो. तो आला की तारखेच्या आत खर्च करावा लागतो, नाहीतर व्यपगत होतो, आणि लेखा शाखेच्या दृष्टीने त्यापेक्षा मोठी नामुष्की दुसरी नाही. म्हणून कोणता संगणक घ्यावा यापेक्षा उरलेल्या रकमेत किती बसतील, हाच प्रश्न टिप्पणीवर चढतो.

निवडीची पहिली पायरी म्हणजे तांत्रिक तपशील निश्चित करणे. तो मागच्या खरेदीच्या फाइलमध्ये आयता सापडतो, आणि त्या फाइलमध्ये तो तिच्याही मागच्या फाइलमधून आलेला असतो. ज्या कार्यालयात शेवटची सीडी कोणी, कधी लावली हे कुणाला सांगता येत नाही, तिथे नव्या संगणकाला डीव्हीडी रायटर अनिवार्य असण्याचे कारण हेच. साठवणुकीच्या रकान्यातही असाच घोळ. 256 जीबीची एसएसडी आणि 1 टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क यांत रोजच्या कामाला पहिली कितीतरी चपळ. पण तुलनात्मक तक्त्यात समितीला 1 हा आकडा 256 पेक्षा लहान दिसू नये म्हणून तिथे 1000 लिहिले जाते आणि हार्ड डिस्क बिनविरोध निवडून येते.

सगळ्यांत जास्त खल प्रोसेसरवर होतो. इंटेलची आय 3, आय 5, आय 7 ही मालिका कार्यालये वेतनश्रेणीसारखी वाचतात: लिपिकाला आय 3, अधीक्षकांना आय 5, साहेबांना आय 7. वास्तविक पिढी सांगितल्याशिवाय या आकड्याला फारसा अर्थ नाही. 2022 मध्ये आलेला बाराव्या पिढीचा आय 3-12100 हा 2017 मधल्या आय 7-7700 ला सहज मागे टाकतो. कोअर दोघांनाही चारच. 2023 च्या अखेरीपासून तर खुद्द इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावातला ‘आय’ गाळायला सुरुवात केली, पण ही गोष्ट अजून आवक नोंदवहीत चढलेली दिसत नाही.

वाटप या श्रेणीप्रमाणेच होते. साहेबांच्या दालनातला आय 7 सीसीटीव्हीच्या चौकटी दाखवतो; साहेबांना आलेले ई-मेल बाहेरच्या टेबलावर छापून, शेऱ्यासाठी फाइलला लावून आत जातात. छपाई करणारा लिपिक सेवार्थ प्रणालीत अख्ख्या कार्यालयाची पगारबिले ज्या यंत्रावर करतो, ते सकाळी सुरू होईपर्यंत त्याचा चहा होतो. त्या यंत्रात एसएसडी बसवून रॅम 8 जीबी केली, तर पत्रव्यवहार, एक्सेल आणि ब्राउझर एवढ्यापुरते ते आणखी काही वर्षे तरतरीत राहील, तेही किरकोळ खर्चात. मात्र दुरुस्तीचे लेखाशीर्ष वेगळे, आणि त्यात पैसे नसतात.

नवी खरेदी रास्त ठरवणारे एक कारण खरोखरच आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. टिप्पणीत मात्र हे कारण येत नाही. तिथे ‘सदर संगणक जुने झाल्याने शासकीय कामकाजास विलंब होत आहे’ हे वाक्य असते. हे वाक्य टंकलेखन यंत्रांच्या फाइलमध्येही शोभले असते.

पूर्वी तीन दरपत्रके मागवली जात. तीन लेटरहेड, तीन शिक्के, आणि तिन्हींवर ‘वॉरंटी’ हा शब्द एकाच चुकीने लिहिलेला. 2016 मध्ये सरकारी खरेदीचे जेम पोर्टल आले आणि हा कुटिरोद्योग बसला. आता पुरवठादाराचा हितचिंतक अट सुचवतो: कॅबिनेटचे आकारमान अमुक लिटर, दशांशासह. त्या दशांशात बाजारातले एकच मॉडेल बसते, मग न्यूनतम दरही त्याचाच ठरतो. कागद इतका स्वच्छ की लेखापरीक्षकालाही खूण करायला जागा मिळत नाही.

एवढ्या काटेकोर तपशिलात यूपीएस राहून जातो. इनस्क्रिप्टची अक्षरे छापलेला कीबोर्डही राहतो, आणि मराठी टंकलेखनासाठी जुन्या कीबोर्डवर पेनाने लिहिलेली अक्षरे पुढे चालू राहतात. खोके 30 मार्चला येतात. जडवस्तू नोंदवहीत नोंद होते, मॉनिटरच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक पडतो, देयक कोषागारात जाते. खोके मात्र पुन्हा बंद होतात, कारण टेबले पुढच्या वर्षीच्या तरतुदीत आहेत. तीन वर्षांची वॉरंटी पुरवठ्याच्या तारखेपासून चालू झालेली असते, तिला टेबलांची वाट पाहावी लागत नाही.

राहता राहिले जुने संगणक. ते निर्लेखन समितीची बैठक होईपर्यंत जिन्याखाली ठेवले जातात. भंगारात काढण्यापूर्वी प्रत्येक यंत्र बंद असल्याची खात्री समितीने करावयाची असते. त्यांतली निम्मी बटण दाबताच सुरू होतात आणि पासवर्ड मागतात. पासवर्ड ज्यांना ठाऊक होता ते निवृत्त झालेले असल्याने समिती ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून सही करते.