हेडलाइटमार्जनमीमांसा

ग्रंथाच्या आरंभी सूर्याला वंदन करण्याची रीत आहे. प्रस्तुत प्रबंधात ते जरा अवघड जाते, कारण यातला मुख्य आरोपीही तोच आहे. म्हणून दुरूनच, सावलीत उभे राहून नमस्कार करतो आणि विषयाकडे वळतो.

शास्त्र म्हटले की विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावे लागतात. विषय: गाडीच्या हेडलाइटची धुरकट, पिवळट झालेली काच. प्रयोजन: रात्रीचा खड्डा आधी दिसावा, नंतर कळू नये. संबंध: खड्ड्याचा कमरेशी, तो सर्वश्रुत आहे. अधिकारी: ज्याची गाडी दहा वर्षांची झाली आहे आणि नव्या असेंब्लीची किंमत ऐकून जो ‘बघतो, सांगतो’ म्हणत दुकानाची पायरी उतरला आहे, तो.

आता शब्दचिकित्सा. आपण जिला काच म्हणतो ती काच नव्हेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना अस्सल काच असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तोवर तिचा पत्रा गंजला असेल, दार दोरीने बांधले असेल, पण तिची काच पिवळी पडली नाही. आजच्या गाडीला असते ते पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत हरमन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांना न विचारता शोधले. दिव्यावर मात्र ते उशिरा चढले. अमेरिकेने १९८३ साली बल्ब बदलता येणाऱ्या, प्लास्टिकच्या काचेच्या दिव्यांना परवानगी दिली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून तिकडे हा प्रकार रुळत गेला. पोलिसांच्या ढाली याच पदार्थाच्या, वीस लिटरचे पाण्याचे बरेच जारही याचेच. दगड झेलणारा हा वीर दोन गोष्टींपुढे हतबल होतो: ऊन आणि ओरखडा. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक लेप चढवतात. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षे हा लेप खातात. लेप तडकतो, सोलतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते.

याला अनुमानाचाही आधार आहे. माझी गाडी पार्किंगमध्ये अशी उभी असते की दुपारनंतर ऊन फक्त उजव्या दिव्यावर येते. उजवा दिवा हळदीच्या दुधासारखा झाला आहे. डावा नुसताच ताकासारखा. धूळ दोघांवर सारखीच बसते, तेव्हा धूळ निर्दोष ठरते.

येथे पूर्वपक्षाची गर्दी होते. पहिला टूथपेस्ट संप्रदाय. याचे आप्तवाक्य आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचे: “पेस्ट लावा हो. पांढरी. जेलवाली घेऊ नका!” हा पाठभेद बारकाईचा आहे, कारण पांढऱ्या पेस्टमध्ये बहुधा खडूसारखी बारीक भुकटी असते आणि काम तीच करते. मी दहा मिनिटे चोळली. दिवा उजळला, पुदिन्याचा वास सुटला, काका कृतार्थ होऊन वर गेले. महिन्याभरात सगळे पूर्ववत. दुसरा लिंबू-सोडा संप्रदाय. त्याचे फळ तेच, फक्त वास वेगळा. तिसरा उग्रपंथ: डास पळवणारे डीटयुक्त औषध चोळणारा. डीट प्लास्टिकचा वरचा थर मऊ करते, त्यामुळे क्षणभर लखलखाट होतो. पुढे तोच पृष्ठभाग तडकतो आणि ओघळ रंगावर गेला तर रंगही जातो. थिनरवाले याच पंथाची शाखा. त्यांच्याशी वाद घालू नये, बाटली काढून घ्यावी.

या सर्वांचा भ्रम एकाच दृष्टांताने फिटतो. धुरकट दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. काच आरशासारखी होते. पाच मिनिटांनी वाळली की पुन्हा ताक. पाण्याने मळ धुतला असता तर तो परत आला नसता. खरी गोष्ट अशी की पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे आणि भेगा असतात. प्रत्येकीच्या काठावर प्रकाश वाकडातिकडा फुटतो. भेगेत हवेऐवजी पाणी शिरले की प्रकाशाचा वाकडेपणा कमी होतो. म्हणजे दिव्याला हवी आहे ती भेग बुजवणारी, पण न वाळणारी वस्तू. सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. पुढचा भाग केवळ मजुरी.

त्या मजुरीचा विधी असा. दिव्याभोवतीच्या पत्र्यावर मास्किंग टेप दुहेरी चिकटवावी. इथे आळस करणाऱ्याला पुढे बंपरही रंगवावा लागतो. बादलीत पाणी, त्यात थेंबभर शाम्पू. मग वॉटर पेपर: आधी ८०० नंबर, नंतर १०००, १५००, २०००, जमल्यास ३०००. एक नंबर आडवा घासावा, पुढचा उभा. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. सुरुवातीला पेपराखालून पिवळे पाणी ओघळते. तो मेलेला लेप. ओघळ पांढरा झाला की ओळखावे, जुने सगळे निघाले. याच क्षणी साधकाची श्रद्धा डळमळते, कारण दिवा आता पूर्वीपेक्षा वाईट, दुधाच्या पिशवीसारखा दिसतो. नेमके तेव्हाच काका खाली येतात. “अहो, चांगली काच घालवलीत की!” उत्तर देऊ नये. पुढचा नंबर घ्यावा.

शेवटी रबिंग कंपाउंड, जुन्या बनियनचा बोळा आणि मनगट. काच चकाकते, आणि बहुतेक साधक इथेच बादली उचलतात. सर्वांत मोठी चूक हीच. दिवा चकचकीत झाला खरा, पण आता तो उघडा आहे. कारखान्याचे चिलखत आपणच घासून टाकले. त्याला असेच उन्हात सोडले तर काही महिन्यांत पिवळेपण परत येते आणि दोष मात्र वॉटर पेपरवर जातो. म्हणून काच अल्कोहोलने पुसून, सावलीत, धूळ नसताना, अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट दोन-तीन पातळ हातांत द्यावा. तो उरलेल्या बारीक ओरखड्यांत शिरतो आणि तिथेच वाळून बसतो. तांब्यातल्या पाण्याने पाच मिनिटे केले ते हा काही वर्षे करतो.

अपवाद एकच. धूसरपणा काचेच्या आतून असेल, आत बाष्प धरत असेल, तर बाहेरून कितीही घासा; ते चष्म्याची काडी पुसून नंबर उतरण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

सिद्धांत: टूथपेस्ट दिवा उजळते, टिकवत नाही. वॉटर पेपर दिवा उघडा करतो. दिवा टिकवतो तो क्लिअर कोट. जो तिसरी पायरी गाळणार असेल त्याने पहिलीही चढू नये.

माझ्या उजव्या दिव्याला दोन तास लागले. डावा मी तुलनात्मक अभ्यासासाठी तसाच राखून ठेवला आहे. खांदा दुखतो हे त्याचे कारण नाही. जिज्ञासू अभ्यासकांनी येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी यावे. वॉटर पेपर माझा. बादली आणि मनगट ज्याचे त्याने आणावे.