खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

निवृत्तीनंतर कुणाला भजन लागतं, कुणाला मधुमेह. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विजेचं मीटर लागलं. रोज दिवेलागणीला टॉर्च दातांत धरून ते आकडा वहीत उतरवतात आणि मग घरातल्या एकेकाकडे फौजदारासारखे बघतात. "आज गिझर कुणी लावला होता?"

गिझर 2000 वॅटचा. पाव तास चालला की अर्धं युनिट खलास, हे आमच्याकडे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 60 वॅटचे जुने दिवे जाऊन 9 वॅटचे एलईडी आले, तेव्हा बिल खरंच उतरलं. ते श्रेय नानांचं, मी नाकारत नाही. पण बिल उतरलं आणि नाना चढले.

मग पंखा आला. जुना 75 वॅट खायचा, नवा 30. रोजचे दहा तास धरा, महिन्याला साडेतेरा युनिटं वाचली. युनिटला आठ रुपये पकडा, वर्षाला तेराशेच्या आसपास. तीन हजारांचा पंखा अडीच वर्षांच्या आत फुकट! गणित चोख होतं, फक्त ते पुण्याच्या हवेतलं होतं. आमच्या रेवसला धरमतरची खाडी समुद्राला मिळते आणि तिथून जो वारा येतो तो बिजागऱ्या खातो, खिडकीचे गज खातो, सायकलची साखळी तर चघळतोच. (पेट्रोल वाचवायला घेतलेली सायकल सध्या पडवीत भोपळ्याच्या वेलाला आधार देते.) पंखा फुकट पडायच्या आतच करकरू लागला. "तेल घातलं की जाईल," असं नाना म्हणाले. तेलाचा खर्च वहीत आला नाही.

वहीची खुबी तीच. सोयीचं तेवढंच तिच्यात शिरतं. मुंबईला नाना भाऊच्या धक्क्याच्या लाँचनेच जातात आणि वाचलेलं पेट्रोल मांडून ठेवतात. खाडीवरच्या रेवस-करंजा पुलाची गोष्ट बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, 1980 च्या आगेमागेची. नानांच्या मते इतकी वर्षं न झालेल्या त्या पुलासारखा पर्यावरणपूरक प्रकल्प महाराष्ट्रात दुसरा नाही: ना सिमेंट, ना लोखंड, ना गंज. तो नाही म्हणून गाड्या वडखळ-पनवेलचा वळसा घालून जातात, त्यांचं डिझेल कुठल्या पानावर, हे विचारलं की नानांना कमी ऐकू येतं.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या बचतीला मात्र गंज चढत नाही. कारण तिच्यात फिरणारं काही नाही, त्या स्वतः सोडून. मे महिना लागला की त्यांची आगोट सुरू होते. जून-जुलैत मासेमारी बंद, बाजारात जायचं तर पावसात भिजत, म्हणून चार महिन्यांची बेगमी आधीच. मिठाच्या चिंचेचे गोळे, कडवे वाल, आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागच्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे तो फोडणीत जरा बेतानेच पडतो. आणि सुकी मासळी. अंगणात जुनं जाळं पसरून त्यावर सुकट, दोरीवर बोंबील. संध्याकाळी आई एकेक बोंबील कानाजवळ नेऊन मोडतात. कट् आवाज आला तर डब्यात, नुसता वाकला तर उद्या परत उन्हात. डब्याच्या झाकणाखाली वर्तमानपत्राची घडी. फ्रीज नको, फ्रीजची वीज नको, फ्रीजला येणारा वासही नको. वास सगळा घराला.

यंदा नानांना हे एकाएकी दिसलं. त्यांनी वहीत नवा रकाना पाडला: "बिनविजेचा साठा". फ्रीजची वाचलेली युनिटं हिशेबाने मांडून सगळी आपल्या नावावर जमा केली आणि रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवली.

आईंनी शांतपणे आमटी वाढली. "आणि माझी मजुरी कुठल्या रकान्यात?"

"अगं, उन्हाला काय पैसे पडतात?"

"उन्हाला नाही पडत. मग उद्या तुम्हीच बसा कावळे राखत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अंगणात डोकावले. नाना स्टुलावर, डोक्यावर छत्री, हातात काठी, डोळे मिटलेले. माजघरातून एक्स्टेन्शनची वायर ओढून पायाशी टेबलफॅन लावलेला, पूर्ण वेगात. समोर जाळ्याच्या कडेला दोन कावळे त्याच वाऱ्याला बसून निवांत सुकट टिपत होते.